कृष्णमूर्ती, विपश्यना की एलिस: आतलं भांडण कुणाकडे न्यायचं?

पुस्तकं भरपूर वाचून झाली, व्याख्यानं ऐकून झाली, मन मात्र आहे तिथंच आहे, अशी तक्रार करणाऱ्या माणसाला आपल्याकडे साधारण तीन सल्ले मिळतात. कुणी म्हणतं कृष्णमूर्ती वाच, कुणी म्हणतं इगतपुरीला विपश्यना ध्यानाच्या शिबिराला जाऊन ये, कुणी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीने काम करणाऱ्या एखाद्या समुपदेशकाचा नंबर देतं. तिन्ही वाटांवर नवस नाही, अंगारा नाही. दुःख परिस्थितीपेक्षा मनाच्या प्रतिक्रियेतून जास्त येतं, हेही तिन्हीकडे मान्य आहे. म्हणून लोक तिघांना एकाच माळेत ओवतात. पण बदल घडवायचा तो कुणी, असं विचारलं की तिघांची तोंडं तीन दिशांना होतात. माझ्या मते निवड करायची ती याच प्रश्नावर.

एक उदाहरण धरून चालू. पन्नाशीतला गृहस्थ, घरी ऐंशी ओलांडलेले वडील. वडील तासाभरात चौथ्यांदा विचारतात, "आज वार कोणता रे?" आणि हा खेकसतो. वडील गप्प होतात. रात्री याचा डोळ्याला डोळा लागत नाही. म्हाताऱ्या बापावर ओरडणारा मी कसला मुलगा? उद्यापासून शांत राहायचं, असं ठरतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत पुन्हा तेच.

जे. कृष्णमूर्ती या माणसाला त्याच्या संकल्पावरच पकडतील. तुला राग येतो, ही वस्तुस्थिती. तू शांत असायला हवं, ही कल्पना. या दोहोंतल्या ओढाताणीला तू सुधारणा म्हणतोस, आणि त्या सुधारणेच्या आडोशाला राग सुखरूप राहतो. 'उद्यापासून शांत होईन' म्हटलं की आज रागावण्याची सोय झालीच. हिंसक माणसाने अहिंसेचा आदर्श समोर ठेवला की तो हिंसेकडे पाहायचंच टाळतो, हा त्यांचा मुद्दा याच जातीचा. गांधींच्या देशात तो त्यांनी वर्षानुवर्षं मांडला, हेही लक्षात घ्यावं.

पुढचं पाऊल अवघड आहे. रागाला आवरणारा 'मी' रागापासून वेगळा, असं आपण गृहीत धरतो. कृष्णमूर्ती म्हणतात, तो वेगळा नाहीच. विचारानेच स्वतःचे दोन भाग केले, एकाला न्यायाधीश केलं, दुसऱ्याला आरोपी. पाहणारा आणि ज्याकडे पाहिलं जातंय ते एकच आहे, हे राग उसळत असतानाच दिसलं, तर भांडायला दुसरा पक्ष उरत नाही. आरामखुर्चीत बसून हे पटणं निराळं आणि वडिलांनी पाचव्यांदा वार विचारल्यावर दिसणं निराळं.

हे सांगणारा माणूस कोण होता, हे निवड करताना माहीत असलेलं बरं. १९०९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारच्या समुद्रकिनाऱ्यावर, गूढविद्या आणि अदृश्य गुरू मानणाऱ्या थिऑसॉफी पंथाचे लेडबीटर यांनी या मुलाला हेरलं, १९११ मध्ये त्याच्याभोवती एक संघ उभा राहिला आणि तो भावी जगद्गुरू ठरला. १९२५ मध्ये धाकटा भाऊ नित्यानंद गेला. तो वाचेल असं अदृश्य गुरूंच्या नावाने दिलेलं आश्वासन फोल ठरलं. ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधल्या ओमेन इथे सुमारे तीन हजार सभासदांसमोर कृष्णमूर्तींनी तो संघ विसर्जित केला. सत्याकडे जाणारी वाट नसते, असं सांगून देणगीत आलेल्या जमिनी परत केल्या. त्यानंतर फेब्रुवारी १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओहाय इथे मृत्यू येईपर्यंत ते जगभर बोलत राहिले आणि पद्धत द्यायला नकार देत राहिले.

हा नकार हेच त्यांचं बळ आणि हीच त्यांची अडचण. त्यांच्या मते पद्धत दिली की माणूस तिच्यामागे लपतो. तर्क बिनतोड आहे. पण सोमवारी सकाळी काय करायचं, याचं उत्तर 'बघ, नुसतं बघ' एवढंच मिळतं. ऐकणारे काही लेचेपेचे नव्हते. बेचाळीसच्या भूमिगत लढ्यातले आपले अच्युतराव पटवर्धन राजकारण सोडून त्यांच्याबरोबर राहिले. डेव्हिड बोम यांच्यासारखा पदार्थवैज्ञानिक १९६१ पासून त्यांच्याशी संवाद करत होता. तरीही मृत्यूच्या काही दिवस आधी कृष्णमूर्तींनी ध्वनिमुद्रित केलेल्या निवेदनाचा रोख असा आहे की, आपण जे सांगितलं ते कुणीच जगलेलं नाही. बोम यांना १९९१ मध्ये तीव्र नैराश्यासाठी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. यातून कृष्णमूर्ती खोटे ठरत नाहीत. एवढंच कळतं की कुशाग्र समज आणि पंचवीस वर्षांचा सहवास ही आजारावरची लस नव्हे.

विपश्यनेकडे आलं की हवाच बदलते. इथे वेळापत्रक आहे, घंटा आहे, नियम आहेत. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातले उद्योगपती होते. अर्धशिशी इतकी की मॉर्फिनची सुई घ्यावी लागे. १९५५ मध्ये ते विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर नुसती डोकेदुखी घालवायला इथे येऊ नका, असं ऐकायला मिळालं. हे ऊ बा खिन सरकारी नोकरीत महालेखापाल होते. मन शुद्ध करण्याचा हेतू मान्य केल्यावरच गोयंकांना प्रवेश मिळाला. १९६९ मध्ये ते भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईत झालं, आणि पुढे इगतपुरीचं धम्मगिरी हे केंद्र उभं राहिलं. गुरुजी २०१३ मध्ये गेले. आजही शिबिरात त्यांच्याच ध्वनिमुद्रित सूचना चालतात, सहायक आचार्य साधकांच्या शंका ऐकतात.

आपल्या गृहस्थाला इथे वडिलांविषयी कुणी काही विचारणार नाही. इथलं म्हणणं असं की, राग शब्दांना येण्याआधी अंगाला येतो. छातीत गरम लाट, श्वास तोकडा, कपाळावर ताण. आपण वडिलांच्या प्रश्नावर खेकसतो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात त्या नकोशा संवेदनेवर खेकसतो. मग शिकायचं काय, तर संवेदना उठली की ती ओळखायची, तिला ढकलायचं नाही, कवटाळायचंही नाही, आणि ती सरते हे अनुभवाने पाहायचं. पहिले तीन दिवस फक्त श्वासावर लक्ष, म्हणजे आनापान. चौथ्या दिवसापासून विपश्यना, आणि मग रोज तीनदा तासभर हात-पाय-डोळे न हलवता बसण्याचं अधिष्ठान. पहाटे चारला उठायचं, दिवसभरात दहाएक तास बसायचं, कुणाशीही न बोलण्याचं आर्य मौन दहाव्या दिवशी सुटतं. फोन, वही, पुस्तक काही नाही. नव्या साधकाला संध्याकाळी चहा आणि फळं, रात्रीचं जेवण नाही. शुल्क नाही. दान द्यायचं तर शिबिर पूर्ण केल्यावर. येण्या-जाण्याचा दिवस धरून रजा बारा दिवसांची टाका.

वाचनाची सवय असलेल्या माणसाला हे शिबिर फार सतावतं आणि म्हणूनच बहुधा उपयोगी पडतं. तिथे मत मांडायला कुणी समोर नसतं. गुडघा दुखतो, आणि त्या दुखण्यावर तत्त्वज्ञान चालत नाही. पण दहा दिवसांनी माणूस हलका होऊन घरी येतो तेव्हा खरी कसोटी सुरू होते. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितलेलं असतं. शिबिर करून आलेले मी पुष्कळ पाहिले, वर्षभरानंतरही ते दोन तास काढणारे फारच थोडे. ज्यांनी काढले त्यांच्यात फरक पडलेला दिसतो. बाकीच्यांकडे एक छान आठवण असते.

एक इशाराही हवा. इतक्या तीव्र साधनेत काही जणांना भीती, भ्रम किंवा झोप उडण्याचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. केंद्राच्या अर्जात मानसिक आजार आणि औषधांविषयी विचारतात ते उगाच नाही. तिथे खरं लिहा. प्रवेश नाकारला तर वाईट वाटून घेऊ नका.

तिसरा माणूस या दोघांच्या तुलनेत एकदम बाजारातला वाटेल. अल्बर्ट एलिस, न्यूयॉर्कचे, तोंडाने फटकळ. एकोणिसाव्या वर्षी त्यांना स्त्रियांशी बोलायची भीती वाटे. म्हणून त्यांनी ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात रोज जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलायचं ठरवलं. महिनाभरात शंभरएक जणींशी बोलले. एकच भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही, आणि भीती गेली. पुढे मनोविश्लेषक झाले, त्याला कंटाळले, आणि १९५५ मध्ये स्वतःची पद्धत मांडली. तिचं मूळ ग्रीक-रोमन स्टोइक विचारात आहे. माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांविषयीचं त्याचं मत अस्वस्थ करतं, हे स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचं सूत्र एलिस उघडपणे सांगत. मराठी माणसापर्यंत ही पद्धत पोचली ती के. एम. फडके यांच्यामुळे. त्यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेल्या 'आयपीएच' या मानसिक आरोग्य संस्थेतही तिचा भरपूर वापर होतो.

एलिसच्या वाटेवरचा समुपदेशक आपल्या गृहस्थाला सरळ विचारेल: वडिलांनी प्रश्न विचारला आणि तू खेकसलास, या दोहोंच्या मध्ये तू स्वतःला काय सांगितलंस? खोदल्यावर निघेल, 'एकदा सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवायलाच हवं, मला असा त्रास होता कामा नये.' का ठेवायलाच हवं? ऐंशीच्या पुढे स्मृती तुझ्या हुकमाने चालते का? रात्रीच्या अपराधी भावनेमागेही तसाच हुकूम सापडेल: 'मी कधीच चुकता कामा नये, चुकलो तर मी नालायक.' एलिस इथे कृती वाईट आणि माणूस वाईट यांत फरक करायला लावतात. ओरडणं चूक होतं, ती कबूल कर, पण त्यावरून स्वतःला अख्खा नापास करू नको. मग गृहपाठ मिळतो. या आठवड्यात वडील पुन्हा विचारतील तेव्हा कोणतं वाक्य मनात म्हणायचं, आणि नाही जमलं तर रात्री वहीत काय लिहायचं.

खोली हवी असणाऱ्यांना हे फार व्यवहारी वाटतं. मलाही एलिस वाचताना कधीकधी वाटतं की मृत्यू, एकटेपण, आयुष्याचा अर्थ असे प्रश्न हा गृहस्थ घाईने निकालात काढतो. पण आजची दुपार बदलायची असेल तर यांच्याइतकं लवकर कुणी हाताला काही देत नाही. शिवाय मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या उपचारासह, विचार आणि वर्तन बदलायला शिकवणाऱ्या या घराण्यावर जितकं संशोधन झालं आहे तितकं दुसऱ्या दोन वाटांवर नाही. कृष्णमूर्तींचं तर मोजताच येणार नाही, त्यांना ते मान्यही नसतं. खर्च मात्र इथे आहे. प्रत्येक भेटीला शुल्क लागतं, आणि समुपदेशक प्रशिक्षित आहे का हे तुम्हालाच विचारून घ्यावं लागतं.

आता तिघांना समोरासमोर बसवलं तर? एलिस म्हणतील, विचाराशी वाद घाल. गोयंका गुरुजी म्हणतील, विचाराच्या मजकुरात शिरूच नको, अंगावर काय चाललंय ते बघ. कृष्णमूर्ती दोघांनाही म्हणतील, हा वाद घालणारा आणि हा सराव करणारा कोण, तोही विचारच नव्हे का? तात्त्विक पातळीवर मला कृष्णमूर्तींचा प्रश्न सर्वांत धारदार वाटतो. पण ज्याला घराचं छप्पर गळतंय त्याला पावसाचं शास्त्र आधी नको असतं.

म्हणून माझा कौल असा. तुमचं भांडण ओळखू येण्याजोगं असेल, म्हणजे अमुक माणसाशी राग, अमुक प्रसंगाची भीती, चुकल्यावर स्वतःला झोडपणं, तर एलिसपासून सुरुवात करा. बहुतेकांचं भांडण याच प्रकारचं असतं, फक्त ते 'अस्तित्वाचा प्रश्न' म्हणून सांगायला बरं वाटतं. तुम्हाला सगळं कळतं, स्वतःचे हट्ट पाठ आहेत, तरी ऐन वेळी तोंडातून शब्द सुटतोच, अशी गत असेल तर डोक्याला आणखी खुराक देऊ नका, इगतपुरीला किंवा जवळच्या केंद्रावर नाव नोंदवा.

कृष्णमूर्ती कुणासाठी? ज्याचं व्यवहारात बरं चाललंय, पण स्वतःला सतत सुधारत राहण्याचाच ज्याला शीण आला आहे, त्याच्यासाठी. चांगला होण्याची धडपड हीच आपली अशांती असेल का, ही शंका तुम्हाला स्वतःहून आली असेल तर ते तुमच्याशी बोलत आहेत असं वाटेल. आली नसेल तर ते गोल गोल फिरवतात असं वाटेल, आणि तो दोष तुमचा नाही. भाषणांची ध्वनिचित्रमुद्रणं इंटरनेटवर फुकट मिळतात. पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरजवळ त्यांच्या विचारावर चालणारं सह्याद्री स्कूल आहे, तिथल्या अभ्यासकेंद्रात काही दिवस राहून वाचता-ऐकता येतं. मात्र आपल्या वाचकवर्गात कृष्णमूर्ती लोकप्रिय होण्याचं एक कारण असंही आहे की ते गृहपाठ देत नाहीत. 'पद्धत नको' हे वाक्य पहाटे चारला न उठण्यासाठी वापरत असाल तर ते तुमचं तुम्हाला ठाऊक असेल.

तिन्ही एकदम करू नका. शिबिरात तर इतर साधना दहा दिवस बाजूला ठेवायची अटच असते. एलिसवाल्याला तुम्ही नंतर ध्यान करता याची हरकत नसते, तेव्हा आधी समुपदेशन आणि सहा महिन्यांनी शिबिर हा क्रम जमतो. उलटा क्रमही जमतो, फक्त शिबिरातून आल्या आल्या समुपदेशकापुढे बसून अनुभवाची चिरफाड करायची घाई नको.

आणि झोप-भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, कशातच मन लागत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर या तुलनेत पडूच नका. आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. रात्रीबेरात्री कुणी नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.