लहान कारखान्याचे कर्ज: सहकारी, सरकारी की खासगी बँक?

वागळे इस्टेटमध्ये किंवा महापे-रबाळे पट्ट्यात लहान कारखाना चालवणारा माणूस कर्ज घ्यायला निघतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न व्याजदराचा असतो. कर्जाच्या फाइली तयार करून देण्याच्या कामात गेली अनेक वर्षे असल्यामुळे हा प्रश्न मी जवळजवळ रोज ऐकतो, आणि तो चुकीचा नसला तरी पहिला असू नये, असे माझे मत झाले आहे. आपल्या फाइलवर निर्णय कोण घेणार आहे, आणि त्या निर्णय घेणाऱ्यावर कोणाचे लक्ष आहे, हे आधी पाहावे, दर त्यानंतर.

तुलनेसाठी एक साधे उदाहरण धरू. एमआयडीसीच्या भूखंडावरील स्वतःच्या गाळ्यात यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे, मालकाला ४० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा (खेळत्या भांडवलासाठी लागेल तेव्हा उचलायची आणि परत भरायची रक्कम) हवी आहे आणि एका नव्या मशीनसाठी २५ लाखांचे मुदत कर्ज हवे आहे. त्याच्यासमोर तीन दरवाजे आहेत: ठाणे जिल्ह्यातील एखादी नागरी सहकारी बँक, एखादी सरकारी बँक आणि एखादी मोठी खासगी बँक. वित्तसंस्थांचा चौथा दरवाजाही आहे, परंतु खेळत्या भांडवलाच्या मर्यादेसाठी तो सहसा महाग पडतो, म्हणून येथे तो बाजूला ठेवतो.

निर्णय कोठे होतो

सहकारी बँकेत निर्णय गावातच होतो. टीजेएसबी, ठाणे भारत, कळव्याची जीपी पारसिक, डोंबिवलीची डीएनएस, कल्याण जनता या बँका याच जिल्ह्यात वाढल्या, त्यांपैकी बहुतेक सत्तरच्या दशकात उभ्या राहिल्या, आणि त्यांचे कर्ज विभाग आजही तासाभराच्या अंतरावर आहेत. शाखाधिकारी कारखान्यात येऊन मशीनवर हात ठेवून जातो, त्याची शिफारस मुख्य कार्यालयात जाते आणि रक्कम मोठी असेल तर संचालकांच्या कर्ज समितीपुढे येते. समितीतल्या एखाद्याला तुमचा माल कोण घेतो, तो पैसे वेळेवर देतो की नाही, हे फाइल उघडण्याआधीच ठाऊक असण्याची शक्यता असते. हे या पद्धतीचे बळ आहे आणि धोकाही हाच आहे, कारण ओळखीवर चांगले कर्ज जसे लवकर होते, तसे वाईट कर्जही लवकर होते. हे ओळखूनच रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९मध्ये १०० कोटी आणि त्याहून अधिक ठेवी असलेल्या नागरी बँकांना संचालक मंडळाखेरीज जाणकारांचे स्वतंत्र व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगितले. संचालकांना कर्ज देण्यावरील बंदी त्याआधीचीच आहे. बँकेत गेल्यावर व्यवस्थापन मंडळावर कोण आहे, हे विचारायला संकोच करू नये; उत्तर द्यायला किती वेळ लागतो यावरूनही पुष्कळ कळते.

सरकारी बँकेत शाखाधिकारी फाइल स्वीकारतो, परंतु ती तपासली जाते प्रक्रिया केंद्रात. प्रत्येक पदाला मंजुरीचे अधिकार ठरवून दिलेले असतात आणि त्यापलीकडे रुपयाही मंजूर होत नाही. शाखाधिकाऱ्याची दर काही वर्षांनी बदली होते, म्हणून ज्याने तुमचा कारखाना पाहिला तो नूतनीकरणाच्या वेळी नागपुरात असतो. त्यातच कर्ज बुडाले तर चौकशी आपल्यामागे लागेल, ही भीती अधिकाऱ्याच्या प्रत्येक शेऱ्यात डोकावते. म्हणूनच तेथे एखादा कागद तिसऱ्यांदा मागितला जातो, आणि त्यात तुमच्यावरचा अविश्वास नसून अधिकाऱ्याची स्वतःची तटबंदी असते, हे समजून घेतले तर चिडचिड कमी होते. २५ लाखांपर्यंतच्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय व्हावा, असा दंडक आहे. परंतु हे दिवस अर्ज ‘पूर्ण’ झाल्यापासून मोजले जातात, आणि सगळी मेख त्या एका शब्दात आहे.

खासगी बँकेत विक्री करणारा वेगळा, कर्ज तपासणारा वेगळा आणि कागदपत्रे पाहणारा वेगळा. तुमच्याशी गोड बोलणाऱ्या रिलेशनशिप मॅनेजरला मंजुरीचा अधिकार नसतो. त्याचे काम फाइल आत ढकलण्याचे. मंजुरी संगणकीय गुणांकन, सिबिल (आधीच्या कर्जफेडीवरून मिळणारे गुण), जीएसटी विवरणपत्रे आणि बँक खात्याचा उतारा यांवर होते, त्यामुळे आकडे स्वच्छ असतील तर आठवड्याभरात पत्र हातात पडते. आकड्यांच्या बाहेरचे काही समजावायचे असेल, तर मात्र ऐकायला कोणी सापडत नाही. माझ्या एका अशिलाचा मॅनेजर दोन वर्षांत चार वेळा बदलला, आणि परराज्यात बसलेल्या पॅनेलवरील वकिलाने एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याच्या भूखंडासाठी सातबारा मागितला. तो वाद निस्तरण्यात तीन आठवडे गेले. ठाण्यातल्या सहकारी बँकेच्या वकिलाला एमआयडीसीचा ९५ वर्षांचा भाडेपट्टा, सिडकोची ६० वर्षांची लीज आणि प्रकल्पग्रस्तांना मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरील इमारत यांतला फरक शिकवावा लागत नाही. गाळा गहाण ठेवण्यासाठी महामंडळाची परवानगी मात्र तिन्ही ठिकाणी लागते, आणि तिला लागणारा वेळ कोणतीही बँक कमी करू शकत नाही.

दर कसा ठरतो आणि कसा बदलतो

येथे तिघांत मूलभूत फरक आहे आणि तो जाहिरातीत दिसत नाही. १ ऑक्टोबर २०१९पासून व्यापारी बँकांना, म्हणजे सरकारी आणि खासगी दोन्हींना, सूक्ष्म व लघु उद्योगांची नवी बदलत्या दराची कर्जे रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे उसने देते त्या दरासारख्या) बाह्य मानदंडाशी जोडावी लागतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दराची फेरआखणी करावी लागते. सहकारी बँकांवर हे बंधन नाही. त्यांचा दर त्यांचे मंडळ ठरवते.

फरक रुपयांत पाहू. २०२५ या एका वर्षात रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. ४० लाखांची मर्यादा पूर्ण वापरणाऱ्या कारखानदाराला रेपोशी जोडलेल्या कर्जात ही सव्वा टक्क्याची घट न मागता मिळाली, म्हणजे वर्षाला सुमारे ५० हजार रुपये वाचले. सहकारी बँकेच्या कर्जदाराला त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि मंडळाच्या बैठकीची वाट पाहावी लागते. याची दुसरी बाजूही आहे: मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५० टक्क्यांवर चढला, तेव्हा रेपोशी जोडलेल्यांना अडीच टक्के वाढ मुकाट सोसावी लागली, तर सहकारी बँकेचे मंडळ जुन्या ग्राहकाचा दर काही काळ धरून ठेवू शकते. तरीही मुदत कर्जापुरते माझे मत स्पष्ट आहे. पाच-सात वर्षांच्या कर्जाचा दर लिहिलेल्या सूत्रावर चालावा, कोणाच्या मर्जीवर नव्हे.

दराखेरीजचा खर्च पाहण्यासाठी मुख्य तथ्य विवरण मागावे. १ ऑक्टोबर २०२४पासून किरकोळ आणि एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) मुदत कर्जांसाठी ते तिन्ही प्रकारच्या बँकांना द्यावेच लागते आणि त्यात प्रक्रिया शुल्कासह एकूण वार्षिक दर दिलेला असतो. सहकारी बँकेत आणखी एक रक्कम धरावी लागते: तारणी कर्जावर साधारण अडीच टक्के रकमेचे भाग (शेअर) घेऊन सभासद व्हावे लागते. आपल्या ६५ लाखांवर ही रक्कम १ लाख ६२ हजार ५०० रुपये होते. भांडवल पुरेसे असलेल्या बँकांना हा नियम आता ऐच्छिक आहे, त्यामुळे घासाघीस करायला जागा असते. हे पैसे वाया जात नाहीत, लाभांश मिळू शकतो. पण ते अडकतात. शिवाय दोन सभासद जामीनदार मागण्याची रीत अजून टिकून आहे. जामीन राहा असे मेहुण्याला सांगणे ही किंमत कोणत्याही विवरणात येत नाही.

डीपीचा महिना

कॅश क्रेडिट ४० लाखांचे मंजूर झाले म्हणजे ४० लाख वापरता येतात, असे नाही. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावे लागते आणि त्यावरून डीपी, म्हणजे उचल मर्यादा, निघते. समजा, माल ३० लाखांचा, पुरवठादारांचे देणे ९ लाख आणि येणे २४ लाख आहे. मालावर २५ टक्के आणि येण्यावर ४० टक्के मार्जिन (बँक हिशेबात न धरणारा हिस्सा) अशी अट असेल, तर ३० मधून ९ वजा जाऊन २१ राहतात, त्यातून मार्जिन जाऊन १५.७५ लाख उरतात, येण्याचे १४.४० लाख होतात. डीपी निघाली ३०.१५ लाख. आता एका मोठ्या कंपनीने १० लाखांचे बिल ९० दिवसांपुढे लांबवले, तर ते येणे मोजले जात नाही आणि डीपी २४.१५ लाखांवर येते. खात्यावर २९ लाख उचललेले असतील तर जवळजवळ पाच लाखांचा फरक एका रात्रीत उभा राहतो.

तीन बँकांची खरी परीक्षा या महिन्यात होते. खासगी बँकेच्या संगणकात नवी डीपी भरली जाते आणि पगाराचा धनादेश परत जातो. सरकारी बँकेत तात्पुरत्या जादा उचलीचा अधिकार शाखेला किंवा वरच्या कार्यालयाला असतो, पण महिना मार्चचा नसेल आणि अधिकारी धीराचा असेल तरच तो वापरला जातो. सहकारी बँकेचा अधिकारी फोन करतो, ते बिल कोणत्या कंपनीकडे आहे विचारतो आणि पंधरा दिवसांची सवलत देतो. अर्थात, हीच सवलत पंधराच्या जागी शंभर दिवस आणि दहाच्या जागी पाचशे कर्जदारांना दिली गेली, तर बँकेच्या ताळेबंदाचे काय होते, हेही आपण पाहिले आहे.

बँकच अडचणीत आली तर

ठेवीदाराने बँकेची प्रकृती पाहावी हे सगळे सांगतात. कर्जदाराने का पाहावी, हे कोणी सांगत नाही. भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. तिची बहुतांश कर्जे एचडीआयएल या एकाच समूहाकडे अडकली होती आणि ती लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती वापरली गेली होती. जानेवारी २०२२मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर फेब्रुवारी २०२५मध्ये, १२२ कोटींच्या अपहाराचे प्रकरण पुढे आले त्या सुमारास, निर्बंध लागले आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत गेली. अशा निर्बंधांच्या आदेशात एक वाक्य नेहमी असते: पूर्वपरवानगीशिवाय कर्ज देऊ नये किंवा कर्जाचे नूतनीकरण करू नये. मुदत कर्ज घेतलेला माणूस हप्ते भरत राहतो, त्याचे फारसे बिघडत नाही. कॅश क्रेडिटवाल्याचे मात्र दर वर्षी नूतनीकरण असते. प्रेसचे भाग बनवणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराच्या बँकेवर निर्बंध आले तेव्हा ग्राहकांकडून आलेले पैसे खात्यात जमा होत राहिले, व्याज चालू राहिले, पण मर्यादा गोठली आणि कच्च्या मालासाठी त्याने पत्नीचे दागिने गहाण ठेवले.

सरकारी आणि खासगी बँका या बाबतीत धुतल्या तांदळासारख्या आहेत, असे मुळीच नाही. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधील ब्रॅडी हाउस शाखेतून वर्षानुवर्षे बेकायदा हमीपत्रे निघत होती आणि परदेशी संदेशांची यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीशी जोडलेली नसल्यामुळे २०१८पर्यंत ती कोणाच्या डोळ्यांत आली नाहीत. येस बँकेतून मार्च २०२०मध्ये काही दिवस ५० हजारांपेक्षा अधिक काढता येत नव्हते. फरक इतकाच की तेथे मोठे भागधारक किंवा सरकार पाठीशी उभे राहून काही आठवड्यांत व्यवहार सुरू झाले. पीएमसीला दोन वर्षांहून अधिक काळ लागला.

म्हणून सहकारी बँक निवडणार असाल तर तिचे मागचे तीन वार्षिक अहवाल आणून तीन गोष्टी पाहाव्यात. निव्वळ थकीत कर्जे ३ टक्क्यांच्या आत असावीत. ६ टक्क्यांपुढे गेली की रिझर्व्ह बँकेच्या सुधारात्मक कारवाईची टांगती तलवार येते. भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या तुलनेत बँकेचे स्वतःचे भांडवल) १२ टक्क्यांहून बरीच वर असावी. तिसरी गोष्ट म्हणजे लेखापरीक्षकांचे शेरे आणि त्यांवरील मंडळाची उत्तरे, जी बहुतेक सभासद वाचत नाहीत.

माझा कौल

आपल्या उदाहरणातील मालकाला मी मशीनचे मुदत कर्ज सरकारी बँकेतून घ्यायला सांगेन, पण व्यवहारात एकच गाळा दोन बँकांकडे तारण देणे त्रासाचे असते. मशीन स्वतःच तारण ठेवून आणि पतहमी निधीचे (बँकेला कर्जाची हमी देणाऱ्या योजनेचे) संरक्षण घेऊन ते जमत असेल, तर तसे करावे. जमत नसेल, तर निर्णय कॅश क्रेडिटकडे पाहून करावा. ग्राहक दोन-तीनच आणि पैसे उशिरा देणारे असतील, तर आकडे तपासून घेतलेली मोठी, सुदृढ सहकारी बँक बरी. विक्री अनेक ग्राहकांत विभागलेली आणि जीएसटीची विवरणपत्रे चोख असतील, तर खासगी बँकेच्या वेगाचा फायदा घ्यावा. घाई नसलेल्याने आणि व्याजाच्या दर पाव टक्क्याचा हिशेब करणाऱ्याने सरकारी बँकेत जाऊन फाइल एकदाच, पण पूर्ण द्यावी.

आधीच एका बँकेत असाल आणि बदलायचे असेल, तर मंजुरीपत्रातील नूतनीकरणाची तारीख आधी पाहावी. १ जानेवारी २०२६पासून मंजूर किंवा नूतनीकृत झालेल्या कर्जांसाठीच्या नियमांनुसार, कॅश क्रेडिटचे नूतनीकरण करायचे नाही असे करारातील मुदतीपूर्वी लेखी कळवले आणि खाते ठरल्या तारखेला बंद केले, तर मुदतपूर्व शुल्क लागत नाही. पत्राच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यावी. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे किती दिवसांत परत मिळतील, हे बँकेकडून लेखी घ्यावे; ३० दिवसांची मुदत आणि उशिरासाठी दिवसाला ५,००० रुपये भरपाई हा नियम वैयक्तिक कर्जांसाठी आहे, कारखान्याच्या कर्जासाठी नाही. नवी बँक गाळ्याचा मूळ भाडेपट्टा हातात आल्याशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून हे दिवसही वेळापत्रकात धरूनच नव्या बँकेकडे अर्ज करावा.