काउन्सेलिंग: घरून ऑनलाइन की समोर बसून? ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात कुठेही कुणी जरा विचित्र वागलं, की 'याला ठाण्याला न्या' म्हणायची जुनी सवय आहे. 1901 सालापासून इथे मनोरुग्णालय असल्याने हा शेरा ठाण्याच्या नावाला चिकटला. पण याच शहरात 1990 साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था सुरू केली, आणि आज समोर बसून मराठीत मन मोकळं करायला जाणकार माणूस मिळणं ठाण्यात इतर शहरांच्या मानाने सोपं आहे. त्यामुळे 'जवळपास कुणीच नाही, म्हणून ऑनलाइन' हे कारण इथल्या बहुतेकांना लागू पडत नाही. दोन्ही वाटा खुल्या आहेत आणि निवडायचं आपल्याला आहे.

ऑनलाइनचा विचार करताना लोक आधी नेटचा आणि व्हिडिओचा विचार करतात. माझ्या मते त्याआधी एक साधी गोष्ट बघावी. आठवड्यातून एकदा पाऊण-एक तास तुम्हाला घरात दार लावून बसता येतं का? आणि बाहेर आल्यावर 'एवढा वेळ कुणाशी बोलत होतीस?' असं कुणी विचारणार तर नाही ना?

कोणापासून लपायचं आहे?

ऑनलाइनमध्ये गुप्तता जास्त, असं सगळे गृहीत धरतात. राम मारुती रोडवरच्या एखाद्या इमारतीत पाटी वाचून आत शिरताना शेजारच्या काकू दिसल्या तर काय, ही भीती खरी आहे, आणि फोनवर बोलताना ती उरत नाही. पण ही झाली बाहेरच्यांपासूनची गुप्तता. ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे तो भिंतीपलीकडे टीव्ही बघत असेल, तर तिचा काय उपयोग? वन बीएचकेमध्ये सासू-सासरे, दोन मुलं आणि वर्क फ्रॉम होम करणारा नवरा असेल, तर सासूबद्दलची तक्रार कुजबुजत सांगावी लागते, आणि कुजबुजत रडता येत नाही. अशा घरातल्या बाईला क्लिनिकची बंद खोली ही शहरातली सर्वांत खासगी जागा वाटू शकते. तिथे जायला 'दाताच्या डॉक्टरकडे जातेय' एवढं सांगितलं तरी पुरतं.

उलट, खारघरला एकट्याने भाड्याने राहणारा मुलगा किंवा ऐरोलीत नाइट शिफ्ट करून दिवसा झोपणारी मुलगी यांना ऑनलाइनसारखी दुसरी सोय नाही. त्यांच्या घरात त्या तासाला ऐकणारं कुणी नसतं.

मधला मार्ग म्हणून बरेच जण सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून सेशन करतात. हेडफोन लावले, काचा वर केल्या, की काम भागतं. हसू नका, चांगली युक्ती आहे. फक्त पावसाळ्यात आणि मेमध्ये तिची मजा जाते, आणि वॉचमन दोनदा वाकून बघून जातो. ऑफिसची मीटिंग रूम मात्र टाळा. काचेची भिंत असते आणि नेमक्या त्या वेळी कुणीतरी दार उघडतंच.

येण्या-जाण्याचा वेळ

घोडबंदर रोडवरून संध्याकाळी नौपाड्यात यायचं म्हणजे काय, ते कासारवडवलीत राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. पन्नास मिनिटांच्या सेशनसाठी अख्खी संध्याकाळ जाते. दर आठवड्याला हे जमणार नसेल, तर तीन-चार सेशननंतर जाणं आपोआप बंद पडतं, आणि अर्धवट सोडलेल्या कामाने काहीच हाती लागत नाही. वाशी, नेरूळ, सीवूड्सच्या लोकांचं ट्रान्स-हार्बर लोकलमुळे त्यातल्या त्यात बरं आहे. स्टेशनजवळची जागा निवडली तर रोजच्या येण्या-जाण्यात बसते.

पण प्रवास हा नुसता तोटा धरू नका. जाताना आज काय बोलायचं ते मनात जुळतं. परत येताना जे उकरलं गेलं ते थोडं निवतं. ऑनलाइनमध्ये लॅपटॉप मिटला की दुसऱ्या मिनिटाला 'अगं, कुकर लावलास का?' वडिलांच्या मृत्यूबद्दल पहिल्यांदा नीट बोलून उठलेल्या माणसाला त्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. म्हणून ऑनलाइन घेणार असाल, तर सेशननंतरची वीस मिनिटंही मोकळी ठेवा. खाली उतरून सोसायटीला दोन फेऱ्या मारा. फोन घरी ठेवा.

कुठल्या त्रासाला काय?

चिंता, सौम्य ते मध्यम नैराश्य, कामाचा ताण, नात्यातली घुसमट, घटस्फोटानंतरचे दिवस, यांसाठी व्हिडिओवरची थेरपी चालते. चिंता आणि नैराश्यावरच्या सीबीटीबद्दल, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीबद्दल, अनेक अभ्यासांत व्हिडिओचे परिणाम समोरासमोरच्या जवळपास आढळले आहेत. घराबाहेर पडायचीच भीती वाटणाऱ्याला सुरुवात ऑनलाइन करणं सोपं जातं. पुढे मात्र त्याने क्लिनिकपर्यंत पोहोचणं हाच उपचाराचा भाग होऊ शकतो.

समोर जावं असे प्रसंग ठरलेले आहेत. जीव द्यायचे विचार येत असतील, नसलेले आवाज ऐकू येत असतील, उगाच सगळ्यांचा संशय येत असेल, झोप न घेता माणूस दिवसचे दिवस उत्साहात फिरत असेल, किंवा दारू अचानक सोडल्यावर हातपाय थरथरत असतील, तर स्क्रीनवरून भागत नाही. इथे काउन्सेलरच्याही आधी मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर लागतो. घरात मारहाण होत असेल, तर घरून बोलणं धोक्याचं असू शकतं, कारण ऐकणारा तोच असतो. लहान मुलांना तर समोरच न्या. सात वर्षांचं मूल स्क्रीनसमोर बसून मनातलं सांगत नाही, ते खेळताना सांगतं.

औषधांची गरज असेल तर आणखी एक गोष्ट. औषध फक्त डॉक्टर लिहून देऊ शकतो, सायकॉलॉजिस्ट नाही. 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टरला ऑनलाइन तपासता येतं, पण शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतल्या औषधांसारखी काही औषधं तशी लिहून देता येत नाहीत.

माणूस पारखून घ्या

ही बाब ऑनलाइन-ऑफलाइनपेक्षा महत्त्वाची आहे, आणि लोक नेमकी इथेच घाई करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते. नंबर मागा, तो परिषदेच्या वेबसाइटवर तपासता येतो. मनोविकारतज्ज्ञाची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते. काउन्सेलर मात्र एमए सायकॉलॉजी करून वर्षानुवर्षं देखरेखीखाली काम केलेला असू शकतो, आणि महिन्याभराचा कोर्स केलेलाही. शिक्षण विचारायला लाजू नका. जो त्यावर चिडतो, त्याच्याकडे जाऊ नका.

ऑनलाइन ॲपवर पारख जास्त करावी लागते, कारण समोर जागा नाही, पाटी नाही, ओळखीच्या कुणाचा अनुभव नाही. दहा सेशनचं पॅकेज पहिल्या भेटीआधी विकत घेऊ नका, कितीही सवलत असली तरी. थेरपिस्ट बदलून मिळतो का, नोंदी कोणाकडे राहतात, उरलेले पैसे परत मिळतात का, हे लेखी विचारा. मशीन उत्तरं देतं तो चॅटबॉट या तुलनेत मी धरलेलाच नाही.

एक खूण लक्षात ठेवा. चांगला ऑनलाइन थेरपिस्ट सुरुवातीलाच विचारतो: तुम्ही आत्ता कुठे बसला आहात, आणि अडचण आली तर जवळच्या कुणाला फोन करू? हे विचारलंच नाही, तर तो संकटाची तयारी न करता बसला आहे असं समजा.

भाषेचंही बघा. नवी मुंबईत इंग्रजी-हिंदीत बोलणारे थेरपिस्ट सहज सापडतात. ऑफिसचा ताण इंग्रजीत सांगता येतो, आईवरचा राग येत नाही. मराठी माणूस जवळ मिळत नसेल, तर पुण्यातली किंवा नाशिकची मराठी थेरपिस्ट ऑनलाइन घेणं हे शेजारच्या सेक्टरमधल्या इंग्रजी क्लिनिकपेक्षा मला बरं वाटतं.

पैसे

खासगीत एका सेशनचे हजार-दीड हजार धरून चाला. अनुभवी माणूस जास्त घेतो. ऑनलाइन स्वस्तच असतं असं नाही, वाचतो तो रिक्षाचा आणि वेळेचा खर्च. परवडत नसेल तर फी कमी करता का, असं सरळ विचारा. अनेक जण करतात. ठाण्याचं मनोरुग्णालय, कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय इथे ओपीडीत डॉक्टर नाममात्र पैशात तपासतात. नेरूळ-कामोठ्याच्या मेडिकल कॉलेजांतही हा विभाग असतो. तिथे तपासणी आणि औषधं होतात, गर्दीमुळे तासभर बोलणं क्वचितच. ऐरोली-महापेच्या मोठ्या आयटी कंपन्यांत काम करत असाल तर एचआरच्या योजनेत काही मोफत सेशन आहेत का बघा. काय बोललात ते कंपनीला कळतं का, हे मात्र आधी स्पष्ट करून घ्या. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची गोपनीयता हा तुमचा हक्क केला आहे.

माझ्यापुरता कौल असा: जमत असेल तर पहिल्या दोन भेटी समोरासमोर घ्या, मग ऑनलाइन चालू ठेवा आणि महिन्यातून एकदा जाऊन या. म्हणून पहिल्या फोनवरच विचारा, 'तुम्ही दोन्ही प्रकारे बघता का?' तीन-चार सेशननंतरही अवघडल्यासारखं वाटत असेल तर तसं थेट सांगा आणि हवं तर माणूस बदला. आणि आजची रात्रच काढणं कठीण वाटत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास मोफत चालतो, त्यावर मराठीत बोलता येतं. जिवाला धोका असेल तर 112 लावा आणि घरातल्या कुणालातरी आत्ताच सांगा.