४२ हजारांची मारुती ८०० आणि चेसिस नंबरचा डाव

आकडा आधीच सांगून टाकतो. १ लाख ६३ हजार ६५० रुपये. त्यातले ४८ हजार ५०० मला जुनी मारुती विकणाऱ्या भामट्याच्या खिशात गेले आणि बाकीचे मी स्वतःच्या हाताने त्या पत्र्यात घातले. खरा आकडा घरात फक्त बायकोला माहीत आहे, वडिलांना लाखाच्या आतलाच सांगितलाय. हे लिहायला तीन महिने लागले, कारण लाज वाटत होती. आता लाजेपेक्षा राग मोठा झालाय.

मला कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती ८०० हवी होती. चार गिअरची, ७९६ सीसी, तीन सिलिंडरची, जिचं बॉनेट उघडलं की सगळं इंजिन डोळ्यांपुढे येतं. कोल्हापुरात, कळंब्यात घराच्या बाजूला पत्र्याचं शेड आहे. रविवारी मुलाला घेऊन तिथं काम करायचं, वर्षभरात गाडी उभी करायची, एवढीच हौस. ऑक्टोबर २०२४ मध्ये, दसऱ्यानंतर, एक जाहिरात दिसली. १९९३ चं मॉडेल, एमएच ०९, बंद अवस्थेत, ४२ हजार.

गाडी पन्हाळा रोडला एका गुऱ्हाळघराच्या मागे होती, चिपाडात अर्धी गाडलेली. टायर जमिनीला टेकलेले, आत उंदरांची घरटी. विकणारा तिशीतला, बोलायला गोड. "पाव्हणं, मामांची गाडी हाय. मामा पुण्याला पोराकडं असत्यात, वय झालंय. जागेवर बसून हाय म्हणून देतोय, न्हाईतर अशी गाडी कोण देतंय?" मूळ आरसी बुक दाखवलं. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मामांच्या सह्या तयार. टोकन ५ हजार मोबाईलवरून घेतलं, उरलेले ३७ हजार रोख मागितले. "मामांना हातात नोटा लागत्यात." ट्रान्सफर आणि रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण आपला एजंट करून देईल म्हणून वरती ६,५०० घेतले, तेही रोख.

मी काही डोळे मिटून पैसे दिले नाहीत. सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघितला होता. मॉडेल जुळलं, रंग जुळला, बोजा नव्हता, चोरीची नोंद नव्हती. तिथं मालकाचं नाव आणि चेसिस नंबर (गाडीच्या पत्र्यावर कंपनीनं पंच केलेला) पूर्ण दिसत नाहीत, पण जेवढं दिसलं तेवढं आरसीशी जुळत होतं. यापेक्षा सामान्य माणूस काय बघणार? पण मी कागद कागदाशी जुळवला. कागद खराच होता. खोटी होती ती गाडी.

आता तो क्षण. मी त्याला बॉनेट उघडायला लावलं. त्यानं खिशातून फडकं काढलं, फायरवॉलवरचा, म्हणजे इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावरचा चेसिस नंबर स्वतःच पुसला, त्यावर मोबाईलचा टॉर्च धरला आणि आरसीतला नंबर मोठ्यानं वाचायला लागला. मी मान डोलवत गेलो. बॉनेटखाली सगळीकडे बोटभर धूळ, बॅटरीच्या तळाचा पत्रा गंजून सुटलेला, आणि नंबरभोवती वीतभर पट्ट्यात काळा रंग नुसता चकचकीत. मला तो दिसला. दिसला नाही असं मी म्हणू शकत नाही. मी विचारलंसुद्धा. "गंज लागू नये म्हणून मारलाय," तो म्हणाला आणि मी पटवून घेतलं. ज्या गाडीचा तळ खाली गळून पडतोय, तिच्या नेमक्या त्या पट्ट्यालाच गंजापासून कोण जपेल?

आणि मी कोण, तर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत १९ वर्षं क्वालिटीत काम करणारा माणूस. कास्टिंगवर पंच केलेले हीट नंबर (लॉट ओळखायचे आकडे) रोज बघतो. एक आकडा तिरका किंवा खोल दिसला की लॉट बाजूला काढतो. पगार त्याचाच घेतो.

दुसरी संधी तर घरी चालून आली होती. गाडी क्रेनने आणली (२,५००), इंजिन खाली उतरवलं आणि तळाचा पत्रा बदलायला डेंटरला बोलावलं. त्यानं फायरवॉलवर वायर ब्रश मारला तशी नंबराच्या बाजूची लांबी (रंगाखालची पुट्टी) खपलीसारखी उडाली. खाली ग्राइंडरच्या रेघा. मधले दोन आकडे बाकीच्यांपेक्षा खोल, शेवटचा आकडा ओळीच्या खाली उतरलेला. तो हात थांबवून म्हणाला, "साहेब, ह्यो नंबर कंपनीचा वाटत न्हाई. आकडं बघा की, एक वर एक खाली."

मी त्याच्यावर चिडलो. म्हटलं, तू पत्र्याचं बघ, कागदाचं मी बघतो. तो गप्प बसला. त्या दिवसापर्यंत माझे ५१ हजार गेले होते. तिथं थांबलो असतो तर पुढचे १ लाख १२ हजार ६५० वाचले असते. रात्री झोप लागत नाही ती त्या ५१ हजारांसाठी नाही. त्या माणसानं दाखवून दिलं आणि मी त्यालाच गप्प केलं, यासाठी. नंतर जाऊन त्याची माफी मागितली.

पुढे इंजिन शिवाजी उद्यमनगरात बोअर करून रिंग-पिस्टनसह २८,४००. पत्राकाम १४,५००. रंग ३२ हजार, मूळचाच लाल. चार टायर ११,६००. ब्रेक आणि क्लच ९,८००. बाकी रेडिएटर, टाकी, वायरिंग, बॅटरी, कार्ब्युरेटर. २० एप्रिलला गाडी पहिल्यांदा चालू झाली तेव्हा मुलगा नाचला होता. त्याला हे सगळं सांगणं मला सर्वांत जड गेलं.

जुनी पडीक गाडी घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्या. चालू गाडी घेतली तर आपण महिन्याभरात ट्रान्सफरला जातो. पडीक गाडीचं रजिस्ट्रेशन संपलेलं असतं, नूतनीकरणाला गाडी आरटीओच्या इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते, आणि त्यासाठी ती आधी रस्त्यावर यावी लागते. म्हणजे खरी तपासणी आठ-दहा महिन्यांनी, सगळा खर्च झाल्यावर. त्याला हे पक्कं माहीत होतं. "गाडी चालू झाल्यावर ट्रान्सफर आन् पासिंग एकदमच करू" हे त्याचंच वाक्य. कायद्याने विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मुदत सांगणाऱ्याला नाही, टाळणाऱ्याला घाबरा. आणि ६,५०० चा हिशोब तरी मी करायला हवा होता. १५ वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फीच एप्रिल २०२२ पासून ५ हजार होती. उशिराचा दंड वेगळा, पर्यावरण कर वेगळा. ६,५०० मध्ये एजंटासकट ते बसणारच नव्हतं.

मे महिन्यात त्याचा फोन बंद लागायला लागला. १९ जूनला मी स्वतःच गाडी घेऊन पासिंगला गेलो. इन्स्पेक्टरनं बॉनेट उघडलं, नंबरावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली, छाप उजेडात धरला आणि दोन मिनिटांत सांगितलं की पंच बनावट आहे. त्याचं काही चुकलं नाही. गाडी तिथूनच पोलिसांकडे गेली.

त्या संध्याकाळी मी आरसीवरच्या पत्त्यावर गेलो. शुक्रवार पेठ. माझ्या घरापासून वीस मिनिटं. आठ महिन्यांपूर्वी बायको म्हणाली होती, "अहो, त्या मालकाच्या घरी तरी जाऊन आलात का?" गेलो नव्हतो. दार एका वयस्कर बाईंनी उघडलं. त्यांचे यजमान २०१६ मध्येच वारले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गाडी पाच दिवस पाण्यात होती, नंतर भंगारवाल्यानं ९ हजारांत नेली. आरसी डॅशबोर्डमध्येच राहिलेली. मी त्यांना फॉर्मवरची सही दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यांची सही मोडीतल्यासारखी लपेटदार होती हो." २०१६ ला गेलेल्या माणसाची सही २०२४ च्या फॉर्मवर. तुमची गाडी भंगारात जात असेल तर आरसी आरटीओत जमा करून नोंदणी रद्द करा. नुसतं भंगारवाल्याच्या हातात कागद देऊ नका. तो कागद असा दुसऱ्या सांगाड्यावर चढतो.

आता पोलिसांचं. घराजवळच्या ठाण्यात गेलो, तर व्यवहार पन्हाळा रोडला झाला, तिकडे जा. तिकडे गेलो, तर पैसे कळंब्यातून पाठवले, तिकडेच जा. तिसऱ्यांदा गेलो तर म्हणे साहेब बंदोबस्ताला. चौथ्यांदा अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र कुरकुर. "हे दिवाणी स्वरूपाचं आहे," असं मला सांगितलं. मेलेल्या माणसाची सही, घासलेला चेसिस नंबर, आणि दिवाणी? वर विचारतात, "तुम्ही शिकलेली माणसं, एवढं कळलं नाही?" एकानं तर स्पष्टच सांगितलं, गाडी चोरीची निघाली तर पहिलं नाव तुमचंच येणार. गाडी ज्याच्या ताब्यात सापडली तो मी. ज्यानं विकली त्याचा फोटो, नंबर, मोबाईलवरच्या ५ हजारांची नोंद, सगळं मी छापून नेलं होतं. ते कागद टेबलावरच्या चहाच्या कपाखाली होते.

हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर ऐकू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. नाही घेतली तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येतो. हे मला वकिलानं सांगितलं, पोलिसांनी नाही. रजिस्टर पोस्टाने पाठवल्यावर ४१ दिवसांनी गुन्हा दाखल झाला, न्याय संहितेच्या ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीचा. १९३० वर, म्हणजे ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करायचा तर त्याच दिवशी करा. मी आठ महिन्यांनी केला, आणि रोख दिलेल्या पैशांचा तर मागच नाही. रोख देऊ नका. मामा असोत नाहीतर आणखी कोणी, पैसे आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात टाका.

मूळ नंबर ॲसिड लावून उठवता येतो का ते बघायला प्रयोगशाळेला पत्र गेलंय म्हणतात. तोवर गाडी ठाण्याच्या आवारात, उघड्यावर. पूर्ण पावसाळा तिच्यावर गेला. सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने तात्पुरती ताब्यात, सोडवायला वकील १५ हजार मागतोय आणि गाडी माझी ठरेलच याची त्याला खात्री नाही. मागच्या शनिवारी बघून आलो. उजव्या दाराखालच्या रंगाला फोड आलेत आणि पुढचं एक टायर, २,९०० चं, बसलंय.

आणि गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाने नवी जाहिरात दिसली. ओम्नी, बंद अवस्थेत, ३८ हजार, चिपाडाखाली अर्धी झाकलेली. मागे गुऱ्हाळघराची तीच भिंत आहे, वरच्या कोपऱ्यात वीट निखळलेली. मी लगेच ठाण्यात जाऊन दाखवली. उत्तर मिळालं, जाहिरात देणं हा काही गुन्हा नाही. त्या ओम्नीला कोणी टोकन दिलं असेल तर उरलेले पैसे देऊ नका. आधी पेन्सिल आणि कागद घेऊन जा, चेसिस नंबरचा छाप स्वतःच्या हाताने घ्या, आणि त्याला फडकं मारू देऊ नका.