डार्टमूरवरील प्रागैतिहासिक अवशेष: जुना सहा इंची नकाशा घ्यावा की आजचा?

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील डार्टमूर या ग्रॅनाइटच्या उघड्या माळावर कांस्ययुगीन गोल घरांची दगडी जोती, दगडांच्या लांबलचक रांगा आणि दफनांवरील दगडी राशी इतक्या विपुल आहेत की, तेथे निघणाऱ्या भटक्याला आधी नकाशा कोणता घ्यायचा हेच ठरवावे लागते. पर्याय मुख्यतः दोन आहेत: ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेने १८८०च्या दशकात पाहणी करून काढलेला, मैलाला सहा इंच प्रमाणाचा नकाशा आणि त्याच संस्थेचा आजचा १:२५,००० प्रमाणाचा ‘ओएल २८’.

तपशिलात जुना नकाशा सरस आहे. मेरिव्हेल येथील सर्वांत लांब दुहेरी रांग सुमारे २६० मीटरची आहे; जुन्या नकाशावर ती अडीच सेंटिमीटर भरते, तर नव्यावर जेमतेम एक. शिवाय जुना नकाशा नंतरचे फेरफार होण्याआधीचा माळ दाखवतो. ग्रिम्सपाउंड या तटबंद वस्तीतील २४ जोत्यांपैकी काहींचे उत्खनन आणि पुनर्रचना १८९४ साली झाली, म्हणजे ही पाहणी त्याआधीची ठरते. फर्नवर्दीचे शिलावर्तुळ आज सूचिपर्णी झाडांच्या लागवडीने वेढलेले आहे आणि शेजारच्या खोऱ्यात १९४२ साली पुरे झालेल्या धरणाचे पाणी आहे. भोवतालच्या मोकळ्या भूमीशी त्या वर्तुळाचे नाते काय होते, हे समजून घ्यायला जुन्या नकाशासारखे साधन नाही. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य असून, एका बाजूला जुना नकाशा आणि दुसऱ्या बाजूला आजचे उपग्रहचित्र ठेवून पाहण्याची सोयही तेथे आहे. मैलाला २५ इंच प्रमाणाचे नकाशेही त्या काळी निघाले, परंतु ते मुख्यतः लागवडीखालील प्रदेशाचे असल्याने माळाच्या अंतर्भागासाठी सहा इंचीवरच भागवावे लागते.

मात्र प्रत्यक्ष माळावर त्याच्या उणिवा जाणवतात. त्यावर आजच्या राष्ट्रीय ग्रिडचे, म्हणजे स्थान अचूक सांगण्यासाठी आखलेल्या जाळीचे, चौकोन नाहीत, समोच्च रेषा विरळ आहेत, आणि उत्तर भागातील लष्करी गोळीबार क्षेत्रांच्या आजच्या हद्दी तर त्यावर असणेच शक्य नाही. धुके उतरल्यावर या गोष्टी शोभेच्या राहत नाहीत. अभ्यासाच्या दृष्टीनेही एक मर्यादा आहे: माळावर मैलोन्‌मैल धावणारे दगडी बांध, ज्यांना तेथे ‘रीव्ह’ म्हणतात, ते कांस्ययुगातील जमीनवाटपाचे अवशेष आहेत हे १९७०च्या दशकातील संशोधनाने नीट उलगडले. जुन्या नकाशावर त्या व्यवस्थेचा शोध घेणे व्यर्थ आहे. त्यासाठी लेसर किरणांनी केलेल्या हवाई मोजणीची, म्हणजे लायडारची, चित्रे पाहावीत.

माझ्या मते एकच नकाशा खिशात ठेवायचा असेल, तर तो आजचा असावा, यात दुमत नसावे. पण पूर्वतयारी केवळ त्याच्यावर केली, तर ठळक स्थळे पाहून परतावे लागेल. म्हणून घरी जुन्या नकाशावरील गॉथिक वळणाच्या अक्षरांतली, म्हणजे प्राचीन अवशेषांची, नावे टिपावीत, प्रत्येकाचे ग्रिड-स्थान नव्या नकाशावर पेन्सिलीने नोंदवावे आणि गोळीबाराचे वेळापत्रक पाहून निघावे. उन्हाळ्यात नेच्यांची दाट वाढ बुटकी जोती झाकून टाकते, तेव्हा अशा शोधासाठी हिवाळा किंवा वसंताचा प्रारंभ निवडावा.