३४ दातांची कवळी: नऊ महिन्यांनंतर

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस माझ्या सायकलची मागची ११-२८ कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, काढून ११-३४ बसवली. म्हणजे सगळ्यात मोठ्या चकतीचे दात अठ्ठावीसचे चौतीस झाले. आमच्या सायकलच्या ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा वाटलं होतं, कोणीतरी 'भारी' म्हणेल. ग्रुपमधल्या काकांचं उत्तर दोन मिनिटांत आलं: "वयाप्रमाणे दात पडतात. याचे वाढले. कवळी बसवलीन वाटतं." तेव्हापासून त्या कॅसेटचं नाव कवळी. आमच्यात एक दातांचे डॉक्टरही आहेत. त्यांनी लगेच "सहा महिन्यांनी तपासणीला ये" असं लिहून टाकलं. नऊ महिने झाले, तपासणी आता करतोय.

आधी माझी परिस्थिती सांगतो, नाहीतर या अनुभवाचा कुणाला उपयोग नाही. वय ४७, वजन ८२. सायकल अॅल्युमिनियमची रोड बाइक, पुढे पेडलपाशी ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या, मागे अकरा गिअर. नोकरी दिवसभर खुर्चीत. दर रविवारी पहाटे साडेपाचला राजाराम पुलापाशी जमायचं आणि खडकवासल्यावरून सिंहगड, हा आमचा नेम. कधी बोपदेव, कधी कात्रजचा जुना घाट, पण जीव सिंहगडात. गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत साधारण ९ किलोमीटर आणि चढाई सहाशे मीटरच्या आसपास. सरासरी सात टक्क्यांच्या जवळ जाते, पण सरासरीवर विश्वास ठेवून कोणी चढू नये. मधे जरा सपाटी लागते, ती सपाटी पुढच्या वळणावर व्याजासकट वसूल होते.

ग्रुपचे नियम दोनच. वर शेवटी पोचेल त्याने सगळ्यांची कांदाभजी आणि मडक्यातलं दही द्यायचं. आणि महिन्यात सगळ्यात कमी वेळात चढेल तो 'घाटाचा राजा'. हा किताब अर्थातच मुंबई-पुणे शर्यतीवरून ढापलेला. टूर द फ्रान्स शर्यतीत १९७५ पासून घाटवाल्याला लाल ठिपक्यांची जर्सी देतात, म्हणून काकांनी लक्ष्मी रोडवरून पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचा रुमाल आणला. आमचा राजा तो महिनाभर गळ्याला बांधतो. माझ्या वाट्याला रुमाल कधी आला नाही, बिलं मात्र बरीच आली. मला 'घाटाचा पहारेकरी' म्हणायचे. सगळ्यांना वर सोडून मग गड बंद करून येतो तो.

जुन्या कॅसेटवर नेमकं काय व्हायचं? चढ उभा झाला की मी डाव्या-उजव्या खांद्याने हलायला लागायचो आणि उजव्या हाताने लिव्हर दाबायचो. गिअर संपलेले असायचे. तरी पुन्हा दाबायचो. तो पोकळ 'टक' आवाज शांत घाटात लांबपर्यंत ऐकू जातो. शेजारून जाताना डॉक्टर म्हणायचे, "अजून एक आहे बघ, घरी विसरलास का?" उत्तर तयार असायचं, पण बोलायला दम कुठे? तोंड उघडं, पण ते श्वासासाठी. चारशे मीटर पुढे गेल्यावर पाय टेकायचो. मग वरून येणाऱ्या कुणाला तरी सांगायचं, "चेन बघतोय." तिसऱ्या रविवारी काका म्हणाले, "तुझी चेन आता आम्हा सगळ्यांची पाहून झालीय."

माझं खरं दुखणं मागे पडण्याचं नव्हतं. टोमणा ऐकून गप्प बसावं लागतं, हे होतं. पुण्यात राहून उत्तर देता येत नाही म्हणजे काय!

आता थोडं गणित. माझ्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. पुढे ३४ आणि मागे २८ असताना पेडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटरच्या वर जाते. पुढे ३४, मागेही ३४ असेल तर एका फेरीत चाक बरोबर एकदाच फिरतं, म्हणजे २.१ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर मागच्या अठ्ठावीसवर ताशी ९.२ किलोमीटरचा वेग लागतो, चौतिसावर ७.६. कागदावर फरक दीड किलोमीटरचा. पण दहा टक्क्यांच्या चढावर माझं आणि सायकलचं मिळून ९४ किलो ओझं ताशी ९ ने वर न्यायला जेवढी ताकद लागते तेवढी माझ्याकडे चार-पाच मिनिटांपुरतीच असते. साडेसातच्या वेगाला लागणारी ताकद मात्र बराच वेळ पुरते. कवळीने ताकद दिली नाही, आहे ती पुरवून वापरायची सोय दिली.

बसवण्याची कथा मात्र कडू आहे. माझ्या जुन्या डिरेल्युरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागाला, जास्तीत जास्त ३० दात चालायचे, म्हणून लांब पिंजऱ्याचा नवा घ्यावा लागला. चेनही नवी, कारण जुनी आखूड पडते. सगळं धरून मजुरीसकट साडेबारा हजारांच्या आसपास गेले. घरी मी फक्त कॅसेटची किंमत सांगितली, हे इथे लिहून ठेवतो, कारण हे घरी कोणी वाचत नाही. आणि एवढं करून पहिल्याच रविवारी, नाक्यापासून दोन किलोमीटरवर, मागून खुळखुळ सुरू झाली. आधी वाटलं बाटली. मग वाटलं गडावरची कुठली शेळी मागे लागलीय. उतरून कॅसेट हाताने धरली तर अख्खी इकडून तिकडे हलत होती, सैल बांगडीसारखी. गिअर आपोआप पडत होते. तसाच रेटत वर गेलो. भज्यांच्या टपरीवर काका उभेच होते: "गड आला, पण कवळी गेली."

कारण नंतर दुसऱ्या एका मेकॅनिकने दाखवलं. अकरा गिअरच्या रोड हबवर, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या भागावर, ही ११-३४ कॅसेट बसवताना तिच्या मागे आधी १.८५ मिलिमीटरची एक चकती, स्पेसर, घालावी लागते. पहिल्या दुकानात ती घातलीच नव्हती. मग कॅसेट आवळून धरणारी लॉकरिंग घट्ट झाली असं हाताला वाटतं, पण ती कॅसेटला दाबतच नाही. जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची ती चकती खोक्यात तशीच पडली होती, मी घरी आणलेल्या खोक्यात! म्हणून सांगतो, तुम्ही हे करणार असाल तर खोकं फेकायच्या आधी आत काही उरलंय का बघा, आणि चाक लावण्याआधी कॅसेट दोन बोटांनी हलवून बघा.

स्पेसर बसवल्यावर गाडी सुरळीत. पहिल्या महिन्याचे आकडे गमतीचे आहेत. जुन्या कॅसेटवर नाका ते वाहनतळ मला १ तास १७ मिनिटं लागायची, त्यात प्रत्यक्ष पेडल मारणं ६१ मिनिटं, बाकीची १६ मिनिटं 'चेन बघणं'. नव्या कॅसेटवर एकदाही पाय न टेकता ६६ मिनिटं लागली. म्हणजे चालती सायकल हळू झाली आणि मी लवकर पोचलो. डॉक्टरांना हे पटवायला दोन प्लेट भजी खर्ची पडली. मे महिन्यापर्यंत वेळ ५९ मिनिटांवर आलाय, पण त्यात कॅसेटचं श्रेय किती आणि हिवाळाभर नियमित चढल्याचं किती, हे मला वेगळं करता येत नाही. उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली रविवार संध्याकाळी जो ठणका लागायचा तो माझ्यापुरता बंद झाला. तुमच्या गुडघ्याचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. आमच्या डॉक्टरांना नको, ते दाढ काढतील.

आणि खरा फायदा. नोव्हेंबरातला एक रविवार आहे. उभ्या वळणावर मी चौतिसावर बसून टुकूटुकू चाललोय, डॉक्टर शेजारून उभं राहून पेडल मारत निघालेत. "काय कवळी, चावतेय का?" मी म्हणालो, "चावत नाही, पण चघळता येतं. तुम्ही गिळताय, ठसका लागेल." एका श्वासात! डॉक्टर हसले आणि हसताना त्यांची लय गेली. घाटात हसण्याची किंमत फार असते. पुढच्या वळणावर ते पाय टेकून उभे होते, मी शेजारून जाताना विचारलं, "चेन?"

त्या दिवशी भज्यांचं बिल डॉक्टरांनी दिलं. हे वाक्य मी तीन वेळा वाचलं.

पण सगळं गोड नाही. सपाटीवर ही कॅसेट खटकते. जुन्या ११-२८ मध्ये ११, १२, १३, १४, १५ असे दात ओळीने होते. हिच्यात ११, १३, १५ असं उड्या मारत जातं. सासवडहून जेजुरीकडे वारा पाठीवर घेऊन ग्रुप ३५-३६ ने चालला की मला हमखास चौदाचा दात हवा असतो आणि तो नसतो. तेरावर पाय जड, पंधरावर पाय भिरभिरतात. दोन्ही करत बसलं की पुढच्याच्या चाकामागची जागा सुटते आणि मग वारा एकट्याने खायचा. दुसरं, वर २७ नंतर ३० आणि मग थेट ३४, ही शेवटची उडी मोठी आहे. जोर लावलेला असताना टाकली तर खाडकन आवाज होतो. पेडलवरचा दाब अर्धी फेरी हलका करून टाकायची सवय लावावी लागली.

तिसरा तोटा यंत्राचा नाही, माझा. आळस. पूर्वी मधल्या सपाटीवर मी नाइलाजाने का होईना जोर लावायचो. आता चढाची चाहूल लागली की बोट आपसूक चौतिसावर. पसरणी घाटात हे लक्षात आलं. वाईहून पाचगणीला आम्ही जानेवारीत गेलो. लांब पण समजूतदार घाट आहे, चढ बेताचा, वळणं मोकळी, खाली कृष्णेचं खोरं पसरलेलं. तिथे ३४ ची गरजच नाही, सत्तावीसवर मजेत चढता येतं. मी तरी सुरुवातीला सवयीने ३४ टाकलं आणि पाय शिवणयंत्रासारखे फिरायला लागले. मागून काका: "ब्लाउज कधी मिळेल?" उरलेला घाट चौतिसाला हात न लावता चढलो.

फेब्रुवारीत पैज लागली. विषय निघाला एव्हरेस्टिंगचा. एकच चढ पुन्हा पुन्हा चढून ८,८४८ मीटर भरायचे. १९९४ साली ऑस्ट्रेलियात जॉर्ज मॅलरीने डोना बुआंग डोंगरावर हे केलं होतं. एव्हरेस्टवर गेलेल्या मॅलरीचा हा नातू. डॉक्टरांनी हिशेब केला, सिंहगड पंधरा वेळा. काका म्हणाले, "पंधरा वेळा चढायचा तर मी गडावर राहायलाच जातो, तिथूनच ऑफिसला येईन." शेवटी तीनवर तडजोड झाली: एका दिवसात तीन सिंहगड, पाय न टेकता. मी पहिला ६५ मिनिटांत, दुसरा ७३ मिनिटांत. तिसऱ्याला साडेदहाचं ऊन, रविवारच्या जीपगाड्यांची रांग आणि क्लचचा जळका वास. सहाव्या किलोमीटरला दोन्ही मांड्यांत गोळे आले. चौतीस दात होते, मीठ-पाणी नव्हतं. ताशी साडेपाचवर सायकल सरळ राहीना, समोरून जीप आली आणि मी कठड्याला पाय लावला. गिअर कितीही हलका करा, एका वेगाखाली तोल सांभाळण्यातच दम जातो, हे त्या दिवशी शिकलो. अकरा जणांची भजी दिली, दही वेगळं.

देखभालीचं थोडक्यात. दर दोनेकशे किलोमीटरला चेन पुसून तेल. मोजपट्टीवर चेन झिजून अर्धा टक्का लांबलेली दिसली की बदलायची, तशी मी एकदा बदलली. कॅसेटचे दात अजून ठीक आहेत. पहिल्या पावसानंतर घाटातल्या लाल चिखलाने मधल्या चकत्या भरतात, जुना टूथब्रश लागतो. (हो, तो विनोद झालाय. डॉक्टरांनी नवा ब्रश भेट दिलाय.) पावसात दरडींमुळे घाट कधी कधी बंद ठेवतात, त्यामुळे पुढचे दोन महिने बोपदेववर भागवायचं आहे. तिथे चढ आखूड पण मधेच अंगावर येणारा, आणि टँकरच्या मागे अडकलं की ३४ ही कमी वाटतं.

घ्यावी का? आठवड्यातून एक-दोनदाच सायकल होते, घाट आवडतो, वजन ऐंशीच्या पुढे आहे, तर घ्या. सपाटीवर शर्यती करत असाल तर चौदाच्या दातासाठी रडाल. डिरेल्युरला किती दात झेपतात ते आधी बघा, कारण खर्च तिथे दुप्पट होतो.

जुनी ११-२८ धुऊन बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती. गेल्या रविवारी उतरून आल्यावर खडकवासल्याला चहा पीत असताना काकांनी मला बाजूला घेतलं. काका एकसष्ट वर्षांचे, त्यांच्याही मागे अकराच गिअर, पण ११-२५, आणि त्यावर ते गेली कित्येक वर्षं माझ्या आधी वर पोचताहेत. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "ती अठ्ठावीसवाली विकलीस का रे?" मी म्हटलं, नाही. "मग आणून दे. पण ग्रुपवर फोटो टाकू नकोस."