लायब्ररी आर्मवर न्यायची आहे: क्रॉस-कंपाइल, क्यूएमू की खरा बोर्ड?

तुमची सीमध्ये लिहिलेली लायब्ररी आजवर इंटेलवर बिनबोभाट चालली, आणि आता भोसरी-चाकणकडच्या एखाद्या कारखान्याला ती रास्पबेरी पाय या आर्म प्रोसेसरच्या छोट्या बोर्डावर हवी आहे. पुण्यातल्या छोट्या टीमवर ही वेळ हमखास येते. मार्ग तीन आहेत: इंटेलवरच बसून आर्मचा कोड तयार करणं (क्रॉस-कंपाइल), इंटेलवर आर्म प्रोसेसरची नक्कल करणारा क्यूएमू, किंवा खरा आर्म बोर्ड.

वेगात क्रॉस-कंपाइलचा हात कोणी धरत नाही. कंपायलर तुमच्याच लॅपटॉपवर पूर्ण वेगाने पळतो, बाहेर पडणारा कोड तेवढा आर्मचा. डोकेदुखी डिपेंडन्सींची, म्हणजे तुमची लायब्ररी ज्यांवर उभी आहे त्या इतर लायब्रऱ्यांची. ओपनएसएसएल घ्या किंवा झेडलिब, प्रत्येकाची आर्म आवृत्ती सिसरूटमध्ये (आर्मच्या फाइलींच्या वेगळ्या फोल्डरमध्ये) आणून ठेवावी लागते. लायब्ररी शोधून देणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला तिथला पत्ता दिला नाही, तर तो इंटेलची फाइल उचलतो आणि लिंकर ऐन शेवटी अडून बसतो.

क्यूएमू डॉकरच्या बिल्डएक्सला (कंटेनरमध्ये बिल्ड करणाऱ्या साधनाला) जोडला की हा व्याप उरत नाही; आर्मचा कंटेनर आहे तसा चालतो, बिल्ड स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही. मात्र कंपायलरचीच एकेक सूचना भाषांतरित होत असल्याने बिल्ड रेंगाळतो. सी++ची टेम्प्लेट असतील तर फारच.

माझ्या मते खरा फरक वेगात नाही, कोणत्या मार्गाने कोणती चूक सापडते यात आहे. आमच्या कोडमध्ये फाइल वाचणारं एक लूप होतं. एकेक अक्षर वाचणाऱ्या आणि फाइल संपली की उणे एक देणाऱ्या गेटसीचं उत्तर ‘कॅर’मध्ये घ्यायचं आणि ते उणे एक झालं की थांबायचं. इंटेलवर कॅर साइन्ड (उणे आकडे धरणारा), म्हणून लूप थांबायचं. आर्म लिनक्सवर कॅर अनसाइन्ड; उणे एकचे २५५ होतात आणि लूप संपतच नाही. नुसत्या क्रॉस-कंपाइलने हे कळलं नाही, क्यूएमूवर टेस्ट चालवताच कळलं. (मॅकवरच्या टेस्टवर इथे विसंबू नका. ॲपलच्या आर्मवर कॅर साइन्डच आहे.)

दुसरी चूक मात्र क्यूएमूलाही दिसली नाही. एक थ्रेड बफर भरून ‘तयार’चा झेंडा लावायचा, दुसरा झेंडा बघून वाचायचा. इंटेल प्रोसेसर या दोन नोंदींचा क्रम पाळतो, आर्म पाळेलच असं नाही. इंटेलवरच्या क्यूएमूखाली शेवटी इंटेलच असतो, त्यामुळे तिथे सगळं हिरवं. खऱ्या बोर्डावर रात्रभर टेस्ट लावल्यावर अर्धवट भरलेला बफर हाती आला. झेंडा अटॉमिक करून रिलीज-अक्वायर (नोंदींचा क्रम पाळायला लावणारा नियम) लावलं, तेव्हा थांबलं.

म्हणून डिपेंडन्सी मोजक्या असतील तर रोजचा बिल्ड क्रॉस-कंपाइलने करा आणि टेस्ट क्यूएमूवर चालवा. डिपेंडन्सींचं जंजाळ असेल तर ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या ग्रॅव्हिटॉनसारखं आर्म मशीन तासावर भाड्याने घेणं परवडतं. थ्रेड वापरत असाल तर रिलीजआधी खरा बोर्ड हवाच, तिथे तडजोड करू नका.

टूलचेन (कंपायलर-लिंकरचा संच) उतरवण्याआधी ग्राहकाला बोर्डावर ‘गेटकॉन्फ लाँग_बिट’ चालवायला सांगा; सिस्टिम ३२ बिटांची की ६४ ते कळतं. कर्नलची माहिती देणाऱ्या नुसत्या ‘यूनेम’वर जाऊ नका, पायवर कर्नल ६४ बिटांचा आणि वरची सगळी सिस्टिम ३२ बिटांची असू शकते, आणि त्या दोघांची टूलचेन वेगवेगळी असते.