मेकॅनिक स्टेथोस्कोप: इंजिनातली चिवचिव शोधताना आलेला अनुभव

हा स्टेथोस्कोप पावसाळ्याच्या तोंडावर घेतला, आता उन्हाळा लागलाय. मधल्या महिन्यांत तो माझ्या डिझेल गाडीवर, मेव्हण्याच्या पेट्रोल हॅचबॅकवर आणि सोसायटीतल्या दोन-चार कुरकुरणाऱ्या इंजिनांवर वापरून झाला. हत्यार साधं आहे. डॉक्टरकडे असतात तशाच नळ्या, फक्त चकतीच्या जागी एक छोटी डबी आणि तिच्यातून निघालेली स्टीलची सळई. किंमत हजाराच्या आत. पैसे वसूल झाले, पण सळई कुठे टेकवायची आणि सोबत कोणत्या चाचण्या करायच्या हे माहीत असलं तरच होतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी तक्रार होती बॉनेटखालच्या चिवचिवीची. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, चिक्-चिक्-चिक् असा ठेका, रेस दिली की ठेका जलद. एसी चालू-बंद करून काही फरक नाही. पावसाच्या दिवशी सकाळी गाडी एकदम गप्प, आणि थोडं अंतर गेल्यावर इंजिन तापलं की पुन्हा सुरू. गॅरेजमध्ये निदान झालं, "अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचं) बेअरिंग गेलंय, अख्खा बदलून टाका." तो अंदाज अगदीच वावगा नव्हता, आवाज खरंच त्या कोपऱ्यातून यायचा. पण त्या कोपऱ्यात अल्टरनेटर एकटा नसतो. माझ्या गाडीत एकाच बेल्टवर क्रँक पुली (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची, बेल्ट फिरवणारी), अल्टरनेटर, वॉटर पंप, एसी कंप्रेसर, आयडलर (बेल्टला नुसती वाट दाखवणारी पुली) आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा हात आणि त्यावरची पुली) एवढी मंडळी आहेत. आवाज बॉनेटच्या पत्र्यावर आपटून फिरतो, त्यामुळे नुसत्या कानाला नेमकी जागा लागत नाही.

जुने मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावतात, तत्त्व तेच. बेअरिंगची थरथर धातूतून सरळ कानात येते आणि बाकीचा गोंगाट मागे पडतो. सळई फिरत्या पुलीला कधीच लावायची नाही. अल्टरनेटरच्या बॉडीवर, पंपाच्या हाउसिंगवर, टेन्शनरच्या मधल्या स्थिर बोल्टवर टेकवायची. लांब बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी आधी आवरायची, कारण रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.

अल्टरनेटरवर सळई टेकवली आणि ऐकू आली लांबच्या पिठाच्या गिरणीसारखी सलग, एकसुरी घरघर. चांगलं बेअरिंग असंच ऐकू येतं. कंप्रेसर तसाच, पंपही तसाच. टेन्शनरच्या बोल्टवर मात्र घरघरीत मध्येच बारीक टकटक होती. खराब बेअरिंगची खरखर वेगळी असते, कोरडी आणि न थांबणारी. ही तशी नव्हती. म्हणजे जागा मिळाली, पण कारण मिळालं नाही, आणि इथे स्टेथोस्कोपची मर्यादा येते. चिवचिव बेल्टच्या रबरातून हवेत येते, सळईला ती फारशी पकडता येत नाही.

पुढचं काम साध्या पाण्याच्या फवारणीने केलं. इंजिन चालू ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर लांबूनच थोडं पाणी मारायचं. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे. आवाज लगेच थांबला आणि बेल्ट सुकताच परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. माझा थांबला आणि परत आला. पावसातल्या सकाळच्या शांततेचा उलगडाही तिथेच झाला.

मग बेल्ट काढला. बेल्टशिवाय इंजिन अर्धा मिनिटच चालवलं, कारण वॉटर पंप बंद असतो. चिवचिव गायब. प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहिली, बेअरिंगं ठीक होती. पण टेन्शनरचा हात धरून आडवा हलवला तर चांगलाच डुलला. हात ज्यावर फिरतो तो आतला बुश झिजल्यामुळे त्याची पुली तिरकी बसत होती. बेल्टची एक कड उसवलेली, आणि त्याच बाजूला काळी भुकटी साचलेली. हा तिरकेपणा डोळ्याला सहज दिसत नाही. दोन पुल्यांमध्ये २०० मिलिमीटर अंतर धरलं तर १ अंश म्हणजे जेमतेम साडेतीन मिलिमीटर.

टेन्शनर आणि बेल्ट दोन्ही नवे घातले. त्यानंतर खंबाटकी घाट चढून झाला, भर उन्हात एसी लावून ट्रॅफिकमध्ये रखडून झालं, चिवचिव नाही. अल्टरनेटर जुनाच आहे आणि उत्तम चालतोय. एक आग्रहाने सांगतो, जुना बेल्ट भेगा नाहीत म्हणून ठेवू नका. हल्लीचे ईपीडीएम नावाच्या रबराचे बेल्ट जुन्या निओप्रीन रबराच्या बेल्टसारखे तडकत नाहीत, त्यांच्या खाचा झिजून खोल होतात. आणि आवाज दाबायचा बेल्ट स्प्रे खाचांच्या बेल्टवर मारूच नका. चिकटपणावर धूळ बसते आणि खरं कारण झाकलं जातं.

मेव्हण्याच्या गाडीत वेगळीच तऱ्हा. क्लच दाबला की आवाज बंद, सोडला की सुरू. इथे बेल्टकडे बघायचंच कारण नव्हतं. न्यूट्रलमध्ये सळई गिअरबॉक्सच्या पुढच्या भागावर टेकवली तर खरखर स्पष्ट. इनपुट शाफ्टचं, म्हणजे क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं बेअरिंग निघालं. उलट, क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर आधी रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर) संशय घ्यावा. आणखी एका गाडीत थंड इंजिनालाच चिकचिक व्हायची. तिथे सळई काढून नुसती उघडी नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) जोडाजवळ फिरवली आणि गॅस्केटमधली गळती सापडली.

हत्याराबद्दल तक्रारी आहेतच. कानातले प्लास्टिकचे बोळे कडक आहेत, पाच मिनिटांत कान दुखतो. मी औषधांच्या दुकानातून सिलिकॉनचे मऊ बोळे आणून बसवले. सळईचा आटा थरथरीने सैल होतो, दर वेळी आवळावा लागतो. नळी कुठे घासली की तोच आवाज मोठा होऊन कानात येतो आणि नवखा माणूस त्यालाच बिघाड समजेल. डॅशबोर्डच्या प्लास्टिकची खुडखुड शोधायला याचा उपयोग शून्य. घेताना सळई लांब बघून घ्या. आखूड सळईने टेन्शनरपर्यंत पोहोचायला हात बेल्टच्या फार जवळ न्यावा लागतो, आणि तिथे पाचशे रुपये वाचवण्यात काही अर्थ नाही.